पॉप पंक व हार्डकोअर यांच्या संकरातील ‘ब्रेकडाऊन’ची रचना : बारामती-इंदापूर परिसरातील लयसंस्कारांच्या संदर्भात

प्रस्तावना :

विद्यापीठीय युवक महोत्सवांत पाश्चात्त्य समूहगान व वाद्यवादन हे स्पर्धाप्रकार अंतर्भूत असतात. त्यांसाठी गट निवडण्याची व त्यांना मार्गदर्शन करण्याची जबाबदारी पुष्कळदा संगीतेतर विषयांच्या प्राध्यापकांवर येते. बारामती वा इंदापूर येथील एखाद्या विद्यार्थी-गटाने विद्युत गिटारवर जड, खर्जातील आघातांचा तुकडा सादर केल्यास त्याची संभावना ‘गोंगाट’ या एका शब्दात होण्याचा संभव अधिक. वस्तुतः या तुकड्यास निश्चित घडण असते आणि ती कानाने तपासता येते. प्रस्तुत लेखात तीच घडण उलगडून दाखविली आहे.

पार्श्वभूमी :

अमेरिकेत १९८० च्या दशकात हार्डकोअर हा पंक संगीताचा अतिजलद व आक्रमक प्रकार रूढ झाला. वॉशिंग्टनच्या ‘बॅड ब्रेन्स’ने त्यात रेगेची संथ लय आणली. न्यूयॉर्कच्या ‘क्रो-मॅग्स’सारख्या गटांनी जलद गीताच्या मध्ये अचानक मंदावणारा, श्रोत्यांच्या अंगविक्षेपांना वाव देणारा भाग रूढ केला. हाच ब्रेकडाऊन होय. पॉप पंकचा प्रवाह याहून निराळा, गोड चालींचा. त्याला ‘ग्रीन डे’च्या १९९४ मधील ‘डूकी’ने लोकमान्यता दिली. दोहोंना जोडणारा दुवा म्हणून चॅड गिल्बर्ट यांचे नाव घ्यावे लागेल. ‘शाय हुलूद’ या हार्डकोअर गटाचे ते गायक होते. पुढे ‘न्यू फाउंड ग्लोरी’ या पॉप पंक गटाचे गिटारवादक झाले, आणि ‘अ डे टू रिमेम्बर’च्या ‘होमसिक’ (२००९) या संग्रहाच्या निर्मितीतही त्यांचा सहभाग होता. महाराष्ट्रात मुंबईच्या ‘स्क्राइब’ने ‘मार्क ऑफ तेजा’ (२०१०) सारख्या संग्रहांतून हार्डकोअरच्या जड आघातांना हिंदी चित्रपटांतील विनोदाची जोड दिली.

लयीची उलटी दिशा :

ब्रेकडाऊन समजण्यातील खरी अडचण लयीची आहे. आपल्या कानांवरील संस्कार विलंबिताकडून द्रुताकडे जाण्याचा आहे. तुकाराम महाराजांच्या पालखी सोहळ्यात बेलवाडी व इंदापूर येथे होणारी गोल रिंगणे पाहणाऱ्यास हे सांगावयास नको. टाळ-मृदंगाचा ठेका चढत जातो आणि उत्कर्षबिंदू गतीच्या टोकास येतो. ब्रेकडाऊनमध्ये नेमके उलट घडते. उत्कर्षाच्या क्षणी लय निम्मी होते. (हार्डकोअरच्या मैफलीतही श्रोते वर्तुळाकार धावतात, परंतु हे साम्य केवळ डोळ्यांचे आहे, त्यावरून नाते जोडू नये.)

समजा, गीत दर मिनिटास १८० मात्रांच्या गतीने चालले आहे. चार मात्रांच्या आवर्तनात स्नेअर या तालवाद्याचा आघात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतो, म्हणजे सुमारे ०.६७ सेकंदाच्या अंतराने. ब्रेकडाऊनमध्ये तो केवळ तिसऱ्या मात्रेवर येतो आणि अंतर १.३३ सेकंद होते. मात्रेची गती तीच राहते, परंतु श्रोत्यास भूमी जड झाल्याचा भास होतो.

आता गिटार. अशा दोन आवर्तनांत अर्ध्या मात्रेचे सोळा भाग होतात. त्यांची विभागणी ३+३+३+३+४ अशी करून प्रत्येक गटाच्या आरंभीच, म्हणजे १, ४, ७, १० व १३ या स्थानी, तार छेडावी. अन्यत्र पूर्ण शांतता. स्नेअर ५ व १३ या स्थानी आहे. पाचव्या भागावर गिटार त्यास चुकवते आणि तेराव्यावर दोघे एकत्र आदळतात. तिहाई समेवर येऊन सुटते तसा हा ताण तेराव्या भागावर सुटतो; सम त्यानंतर मोकळ्या जागेतून येते. बास ड्रम गिटारच्याच स्थानी वाजला पाहिजे. या एका अटीकडे नवशिके गट सर्वाधिक दुर्लक्ष करतात. झांज मात्र मात्रा सरळ मोजत राहते. ढोल-ताशात ताशा दाट व ढोल विरळ वाजतो, त्यामुळे ही श्रमविभागणी येथील विद्यार्थ्यास अपरिचित नाही. म्हणून ब्रेकडाऊनवर धनगरी ढोल वरून चिकटविण्यापेक्षा ढोलवादकाकडून विरळपणा शिकणे अधिक फलदायी ठरेल.

स्वर व शब्द :

गिटारची सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झवरून ७३.४ हर्ट्झपर्यंत, म्हणजे एक पूर्ण स्वर, उतरविली जाते. मग खालच्या तीन तारा एकाच बोटाने दाबून सा-प-सा मिळतो व हात झपाट्याने सरकू शकतो. उजव्या तळव्याची कड तारांवर टेकविल्याने नाद आखूड, ठोकल्यासारखा होतो. गीताची चाल बिलावलाच्या शुद्ध स्वरांत असेल तर ब्रेकडाऊनमध्ये षड्जावरून कोमल रिषभास स्पर्श करून परतावे. संपूर्ण गीतात न आलेला तो स्वर एकदम अंधार करतो. संकराचे मर्म येथेच आहे. गोड ध्रुपद आधी नीट रुजले नसेल तर हा अंधार पडतच नाही, आणि ब्रेकडाऊननंतर तेच ध्रुपद परतले तर त्याचा गोडवा दुणावतो. गीतात चार ब्रेकडाऊन घालणाऱ्या गटास हे उमगलेले नसते.

ब्रेकडाऊनपूर्वी सर्व वाद्ये थांबवून एकच ओळ ओरडून म्हणण्याचा प्रघात आहे. मराठीत येथे लांब समास निरुपयोगी होत. ‘पुरे’, ‘ऊठ’, ‘थांब’ असे आखूड शब्दच आघाताशी टिकतात.

परीक्षकांनी विराम ऐकावेत. महाविद्यालयाच्या उघड्या भिंतींच्या सभागृहात खर्ज घुमतो, विराम बुजतात आणि उत्तम रचनाही चिखल भासते. अशा वेळी ध्वनिवर्धकाचा आवाज वाढविण्याऐवजी गिटारवरील विकृतीचे प्रमाण कमी करण्यास सांगावे, व तालमीत गटाकडून तो तुकडा प्रथम वाद्यांविना, केवळ टाळ्यांवर म्हणवून घ्यावा.