निल रिपोर्टच्या पुढे

लग्नाला तीन-चार वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, की तपासण्यांचा ससेमिरा आधी बाईच्या मागे लागतो. सोनोग्राफी, हार्मोन्स, नळ्यांचा एक्स-रे हे सगळं पार पडल्यावर कधीतरी नवऱ्याच्या हातात वीर्यतपासणीची चिठ्ठी पडते. वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारणही असतं, कधी एकटं, कधी बायकोच्या दोषासोबत. इतकी साधी आणि स्वस्त तपासणी शेवटी ठेवणं हा त्या बाईवर अन्याय आहे.

वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार कळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख ही संख्येची खालची मर्यादा धरली आहे. पण रिपोर्टवर ‘निल’ असेल, म्हणजे एकही शुक्राणू नसेल, तर प्रश्न वेगळाच होतो. शुक्राणू तयार होऊन वाटेत अडकलेत, की तयारच होत नाहीत?

याचा एक धागा 1976 साली इटलीत सापडला. पाविया विद्यापीठातल्या तिएपोलो आणि झुफार्दी यांनी 1170 पुरुषांची गुणसूत्रं तपासली. त्यांतल्या सहाजणांच्या वाय गुणसूत्राच्या लांब बाहूचं टोक गायब होतं आणि सहाहीजणांच्या वीर्यात शुक्राणू नव्हते. शुक्राणू घडवणारं काहीतरी याच टोकाशी असलं पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे 1996 मध्ये या भागाचे तीन तुकडे ओळखले गेले: एझेडएफ ए, बी आणि सी.

हे तुकडे गायब असल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली सहसा दिसत नाही. त्यासाठी रक्ताच्या नमुन्यातला डीएनए काढून पीसीआर करतात. ए किंवा बी पूर्ण गेला असेल, तर वृषणात शुक्राणू सापडण्याची आशा जवळजवळ नसते. मग शस्त्रक्रियेचा खर्च आणि वेदना टाळून दात्याचे शुक्राणू किंवा दत्तक मूल यांचा विचार लवकर करता येतो. फक्त सी गेला असेल, तर साधारण निम्म्या पुरुषांत वृषणातून शुक्राणू मिळतात आणि इक्सीने, म्हणजे एकच शुक्राणू थेट अंड्यात सोडून, गर्भ तयार करता येतो. मात्र वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं जातं, म्हणून मुलगा झाला तर हा दोष त्याच्याकडेही येतो. हे जोडप्याला उपचारांआधीच समजावून सांगायला हवं, गर्भ राहिल्यावर नव्हे.

आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत थंगराज, लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी 2003 साली निल रिपोर्टच्या भारतीय पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या सुमारे 8.5 टक्क्यांच्या वाय गुणसूत्रात तुकडे गायब आढळले. गुणसूत्रांची साधी तपासणी म्हणजे कॅरिओटाइपही या पीसीआरसोबतच करतात. क्लाइनफेल्टर, म्हणजे एक एक्स जास्त असणं, त्यात कळतं.

शुक्राणू भरपूर असूनही गर्भ टिकत नसेल, तर थेट शुक्राणूचा डीएनए पाहतात. सॅम्पल पातळ आगरोजमध्ये मिसळून काचपट्टीवर पसरायचं, आधी आम्ल आणि मग प्रथिनं विरघळवणारं द्रावण घालायचं, आणि रंग देऊन बघायचं. डीएनए अखंड असेल, तर शुक्राणूच्या डोक्याभोवती चंद्राच्या खळ्यासारखं मोठं वलय उमटतं. तुटलेला असेल, तर वलय अगदी लहान असतं किंवा नसतंच. शेकडो शुक्राणू मोजून तुटलेल्या डीएनएच्या शुक्राणूंची टक्केवारी काढतात. धूम्रपान, ताप, वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा यांनी ती वाढते. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे उपचारानंतर किमान तीन महिन्यांनी पुन्हा तपासणं योग्य.

शुक्राणूच्या डीएनएची ही तपासणी पहिल्याच भेटीत सगळ्यांना करायची नाही, असं अमेरिकन तज्ज्ञ संस्थांची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. वारंवार गर्भपात होत असतील, तिथे मात्र तिचा उपयोग आहे. अशा घरांत बाईच्याच रिपोर्टांची फाइल जाडजूड होत जाते. नवऱ्याचं सॅम्पल कुणी मागितलं नसेल, तर जोडप्याने डॉक्टरांना स्वतःहून त्याबद्दल विचारावं.