आजोबांची बंदूक

भांडुपच्या चाळींतून, आणि आता चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतून, कोकणातून आलेली बिऱ्हाडे पुष्कळ. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांनी त्यांना पोटाला दिले. पण गणपती-शिमग्याला पाय वळतात ते गावाकडेच. तिथे एखाद्या घरी माजघराच्या भिंतीवर ठासणीची बंदूक टांगलेली असते. रानडुकरांपासून शेत राखायला आजोबांनी रीतसर परवाना काढून घेतलेली. आजोबा आहेत तोवर तिच्याविषयी कोणाच्या मनात किंतु येत नाही. प्रश्न उभा राहतो तो आजोबा गेल्यावर!

दिवसकार्य आटोपते, सात-बाराची चौकशी होते, भांड्यांची वाटणी होते. बंदुकीचे काय, हे कोणी विचारीत नाही. "राहू दे, तात्यांची आठवण आहे," असे म्हणून विषय संपतो. भावना खरी, परंतु बंदूक वारशाने येते, परवाना वारशाने येत नाही.

इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला, तेव्हा हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपियनाला सूट, असा सरळ भेद होता. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने तो भेद मोडला. आता पाहिले जाते ते मागणाऱ्याचे वय, वर्तन आणि गरज. परवाना बंदुकीला नसतो, माणसाला असतो. म्हणूनच धन्याच्या मृत्यूनंतर वारसांनी ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, असे कायदा सांगतो. ती ठेवायचीच असेल, तर वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. गावी राहणाऱ्याला जिल्हादंडाधिकारी, भांडुपकराला मुंबईचे पोलीस आयुक्त. महापालिकेच्या विभाग कार्यालयाचा इथे अधिकार चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वडिलोपार्जित बंदूकही त्या दोहोंतच धरली जाते.

कोणी म्हणेल, गुंड का परवाने काढतात? १९९७ च्या जानेवारीत पवईला कामगारनेते दत्ता सामंत यांना गोळ्या घालणाऱ्यांना कागदाची फिकीर नव्हती. हे खरे. चोरट्या शस्त्रांचा माग पोलिसांनीच काढायचा. पण ८ फेब्रुवारी २०२४ रोजी बोरिवलीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला, तेव्हा पिस्तूल निघाले ते मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचे. परवाना एकाचा, हात दुसऱ्याचा! भिंतीवरची बेवारस बंदूक म्हणजे असाच एक मोकळा दरवाजा. तिच्यापर्यंत रागाने पेटलेला भाऊबंदही पोचतो आणि खेळता खेळता नातवंडही.

या दिवाळीच्या सुटीत भावंडे गावी एकत्र येतील, तेव्हा परवान्याचे पुस्तक काढून त्यावरचे नाव आणि मुदत तेवढी वाचावी. नाव गेलेल्या माणसाचे असेल, तर शोभेची वस्तू म्हणून ती बंदूक भांडुपला आणण्याच्या भरीस पडू नये. विनापरवाना बाळगणे हाच गुन्हा आहे. प्रथम गावच्या पोलीस ठाण्याला कळवावे, ते सांगतील त्याप्रमाणे ती जमा करावी आणि पावती जपून ठेवावी. थोरल्याने धाकट्यावर आणि धाकट्याने थोरल्यावर हे काम ढकलू नये. तात्यांच्या आठवणीसाठी त्यांची तसबीर पुरेशी आहे.