ट्रॉयचे वीर आपल्या परसात

काळे पंख, त्यांवर पांढरे पट्टे, मागच्या पंखांवर किरमिजी ठिपक्यांच्या दुहेरी ओळी आणि अंग लालभडक. गोव्यातील बागांत दिसणाऱ्या या फुलपाखराला इंग्रजीत ‘क्रिमझन रोझ’ म्हणतात; शास्त्रीय नाव मात्र ‘पॅक्लिओप्टा हेक्टर’. अकिलीसच्या हातून मारला गेलेला ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर तो हाच.

हे नामकरण स्वीडनच्या कार्ल लिनिअसचे. १७५८ साली ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत फुलपाखरांना नावे देताना त्याने मोठ्या फुलपाखरांचे चक्क दोन पक्ष पाडले. छातीवर रक्तासारखे लाल ठिपके असलेली, बहुधा काळी, ती ट्रॉयची. तसे ठिपके नसलेली ती ग्रीकांची. दक्षिण अमेरिकेतील निळेशार मॉर्फो त्यामुळे ग्रीक राजा मेनेलाउस ठरले. पुढे वर्गीकरण बदलले, हेक्टरची प्रजातीही दुसरी झाली. परंतु जातिनाम नियमानुसार कायम राहिले.

याच ग्रंथात ‘पॅपिलिओ पॉलिटस’ आहे, म्हणजे आपला ‘कॉमन मॉरमॉन’. पुराणात पॉलिटस हा हेक्टरचा भाऊ. गंमत अशी की, या फुलपाखराच्या मादीचे एक रूप हुबेहूब हेक्टरसारखे दिसते. हेक्टरची अळी ईश्वरीच्या वेलीवर वाढते आणि त्या वेलीतील विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. पॉलिटसच्या अंगी विष नाही. मादी केवळ वेशांतरावर निभावून नेते. लिनिअसने नाव दिले तेव्हा हे नाते कोणाला ठाऊक नव्हते. अनुकरणाचा हा सिद्धान्त हेन्री बेट्सने मांडला तो शतकभराने, १८६२ मध्ये.

महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू नीलवंत. त्याचे शास्त्रीय नाव ‘पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर’ पीटर क्रॅमरने १७७५ साली दिले. हा थ्रेसचा राजा. ट्रॉयच्या प्रायमने आपला धाकटा मुलगा सोन्यासह त्याच्या स्वाधीन केला होता. ट्रॉय पडताच त्याने सोन्यासाठी मुलाला ठार मारले. राणी हेक्युबाने त्याचे डोळे फोडून सूड उगवला. इतक्या देखण्या फुलपाखराच्या वाट्याला हे नाव यावे, हा निव्वळ योगायोग. गोव्याचे ‘मलबार ट्री निम्फ’ या बाबतीत सुदैवी. निम्फ म्हणजे ग्रीकांची वनदेवता.

हेक्टरचे मात्र सारे काही ईश्वरीवर अवलंबून आहे. कुंपणावरची ही वेल तण समजून उपटली, तर त्याच्या मादीला अंडी घालायला जागाच उरत नाही.