सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

व्यवसायाच्या नोंदींची प्रत बॅकअप ठरायला तीन अटी लागतात. ती मूळ नोंदींपासून वेगळी असावी, मूळ बिघडले तरी ती बिघडू नये आणि गरज पडेल तेव्हा तिच्यावरून काम पुन्हा सुरू करता यावे. दुकानदार, व्यापारी, पतसंस्था आणि कित्येकदा त्यांना संगणक बसवून देणारेही यातली पहिली अटसुद्धा न पाळता सांगतात, “आपलं सगळं ड्राइव्हवर आहे, काळजी नाही.” हा समज साफ चुकीचा आहे. कितीही वेळा खोडून काढला तरी तो टिकतो, कारण काही बिघडलेले नसते तोवर तो खरा वाटतो.

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांसारख्या सेवांचे काम सिंक करणे, म्हणजे संगणकावरचे आणि क्लाउडवरचे फोल्डर एकसारखे ठेवणे. इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते. रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रणालीने, इकडची फाइल कुलूपबंद केली की तिकडेही तीच चढते. “पण ट्रॅशमध्ये सापडते ना?” असे यावर विचारले जाते. गूगल ड्राइव्हवर सापडते, ३० दिवस. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या डेटासारख्या फाइलच्या जुन्या आवृत्त्याही ड्राइव्हवर साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंतच राहतात, आणि दिवसभर बदलणाऱ्या फाइलच्या शंभर आवृत्त्या भरायला वेळ लागत नाही. ऑक्टोबरमध्ये चुकून उडालेले खाते मार्चअखेरीस ताळेबंद करताना लक्षात आले, तर ड्राइव्हवर त्याचा मागमूस नसतो.

आणखी एक अडचण आहे. टॅली एका कंपनीचे हिशेब अनेक फाइलींत विभागून, क्रमांकाचे नाव असलेल्या फोल्डरमध्ये ठेवते. हे फोल्डर थेट सिंकला जोडले आणि टॅली उघडी असतानाच सिंक चालले, तर काही फाइली जुन्या आणि काही नव्या अशी सरमिसळ वर जाऊ शकते. अशी प्रत दिसायला पूर्ण असते, पण उघडत नाही.

नुकसान कशाचे होते हे हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरसारख्या, नागपूर–हैदराबाद महामार्गावरच्या गावात नीट दिसते. जूनमध्ये बियाणे आणि खत उधारीवर जाते. वसुली कापूस निघाल्यावर. मधल्या पाच-सहा महिन्यांत कृषी केंद्राची मोठी पुंजी उधारीच्या खात्यात अडकलेली असते. अनुदानित खताची विक्री पॉस मशीनमधून सरकारी प्रणालीत जाते आणि जीएसटीची विवरणपत्रे पोर्टलवर असतात, म्हणून “सरकारकडे सगळं आहेच” असेही मानले जाते. कोणत्या शेतकऱ्याकडून किती येणे आहे, ही नोंद मात्र सरकारकडे नसते. ती दुकानातल्या संगणकावर असते, आणि तिथून गेली तर ती बाकी केवळ माणसांच्या आठवणीत उरते.

सिंकवर विसंबून काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण न्हावा-शेवापर्यंत पोहोचले होते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रणालीने डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचे जगभरचे संगणक बंद पाडले आणि न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातले तिचे टर्मिनलही ठप्प झाले. कोणाला कोणत्या प्रणालीत प्रवेश द्यायचा हे ठरवणारे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर कंपनीकडे होते. ते सतत एकमेकांशी सिंक होत, त्यामुळे एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब होता. सगळे एकदमच गेले. अँडी ग्रीनबर्ग यांनी २०१८ मध्ये ‘वायर्ड’ मासिकात दिलेल्या वृत्तानुसार, घानाच्या कार्यालयातला एकच सर्व्हर वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्याने तो नेटवर्कपासून तुटलेला होता. कंपनीची पुढची उभारणी त्या एका प्रतीवरून झाली. ‘खंडणी भरली की डेटा परत मिळतो’ हा समजही याच प्रकरणाने निकालात काढला: नॉटपेट्या पैसे मागत होती, पण भरले तरी डेटा सोडवण्याची सोय तिच्यात नव्हती.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २१ मार्च २०२१ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि मुख्यालयासह प्रादेशिक कार्यालयांचे काम अडले. मात्र संकेतस्थळ आणि एक खिडकी पोर्टलसारख्या प्रणालींचे बॅकअप नेटवर्कच्या वेगळ्या भागात होते आणि त्यांना लागण झाली नाही, असे महामंडळाने निवेदनात सांगितले. वेगळे ठेवणे म्हणजे काय, ते हे.

बाकीचे समज थोडक्यात. पेनड्राइव्हवरची प्रत त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर आग, पूर किंवा चोरी संगणक आणि प्रत दोन्ही एकदम नेते. एकाच सर्व्हरमध्ये दोन डिस्क जोडून ठेवणारी रेड रचना डिस्क बिघडण्यापासून वाचवते, चुकून पुसण्यापासून नाही. ‘आमच्यासारख्या लहानांकडे कोण येतो’ म्हणणाऱ्यांनी जुलै २०२४ आठवावा: सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा-पुरवठादाराला रॅन्समवेअरचा फटका बसला आणि खबरदारी म्हणून देशाची देयक-व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयने त्याला आपल्या जाळ्यापासून तोडल्यावर देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडकले. ‘मोठ्या कंपनीच्या क्लाउडला काही होत नाही’ हेही खरे नाही. मे २०२४ मध्ये गूगल क्लाउडमधल्या एका चुकीच्या जुळणीमुळे ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची व्यवस्था पुसली गेली. दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअप ठेवलेला होता, म्हणून निधी सावरला.

पुढची दिशा याच अनुभवांतून ठरते आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक जागेबाहेर, हा पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम आता अपुरा मानला जातो. त्यात आणखी एक, न बदलता येणारी किंवा नेटवर्कपासून तोडलेली प्रत धरली जाते. ॲमेझॉनच्या एस३ साठवणीत २०१८ पासून अशी सोय आहे. तिच्या कडक प्रकारात मुदत संपेपर्यंत खात्याच्या मालकालाही प्रत पुसता येत नाही, त्यामुळे पासवर्ड चोरणाऱ्यालाही नाही. चुंबकीय टेप कालबाह्य झाली म्हणतात, पण २०२५ मध्ये आलेल्या एलटीओ-१० या टेप-पिढीच्या एका कार्ट्रिजमध्ये ३० टेराबाइट मावतात आणि कपाटातल्या टेपपर्यंत कोणताही व्हायरस पोहोचत नाही. लहान दुकानाला एवढ्या खर्चाची गरज नाही. दोन बाह्य हार्ड डिस्क आलटून पालटून वापरायच्या, प्रत घेतली की काढायच्या आणि दोन्हींपैकी एक नेहमी घरी असू द्यायची, एवढ्याने तोच हेतू साधतो.

कायदाही मागे नाही. कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे. त्याआधी ‘ठरावीक काळाने’ चालत असे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांतही बॅकअपचा स्पष्ट उल्लेख आहे.

सुरुवातीला सांगितलेली तिसरी अट, म्हणजे प्रतीवरून काम पुन्हा सुरू करता येणे, सर्वांत दुर्लक्षित आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या ठरलेल्या पद्धतींपैकी एकही नीट चालत नसल्याचे उघड झाले. एका कर्मचाऱ्याने सहा तास आधी हाताने घेतलेल्या प्रतीवर कंपनी उभी राहिली. म्हणून रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय बॅकअप आहे असे म्हणू नये. टॅलीत हे करताना प्रत चालू डेटाच्या फोल्डरवर कधीही उतरवू नये, कारण ती चालू हिशेबावर चढून तो पुसू शकते. दुसऱ्या संगणकावर किंवा रिकाम्या फोल्डरमध्ये ती उघडावी, मग शेवटच्या व्हाउचरची तारीख, रोख शिल्लक आणि दोन-चार उधारीच्या खात्यांची बाकी मूळ हिशेबाशी ताडून पाहावी. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतला डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीचा, पासवर्ड असेल तर तोही याच वेळी टाकून पाहावा. तो विसरला तर टॅली कंपनीलाही परत मिळवून देता येत नाही.