शेकडा साडेतीन

क्रेडिट कार्डाच्या ऑफरचं पाकीट घरी आलं की पहिल्या पानावर ठळक अक्षरं दिसतात: 50 दिवस बिनव्याजी, पहिल्या वर्षी फी माफ, इतके पॉइंट मोफत. व्याजाचा दर मागच्या बाजूला, बारीक छपाईत. बऱ्याच कार्डांवर तो महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. आकडा लहान आहे, म्हणून नजर घसरून पुढे जाते.

तोच आकडा आदिलाबादच्या कापूस बाजारात बोलून पाहा. पैनगंगेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, व्याज महिन्याच्या शेकड्यानंच सांगतात. तेलुगूतही ‘दोन रुपयांची वड्डी’ असंच म्हणतात. शेकडा दोन म्हटलं की भाव कळतो, शेकडा तीन म्हटलं की माणूस हात आखडता घेतो. आणि हा तर शेकडा साडेतीन! वर्षाला 42. छापील कागदाचं कोडं आपल्या तोंडच्या जुन्या शब्दानं एका क्षणात सुटतं, याचं मला आजही नवल वाटतं.

याहून नवल ‘किमान देय’ रकमेचं. समजा बिल 20,000 रुपयांचं आहे आणि किमान रक्कम 5 टक्के, म्हणजे 1,000. ती भरली, उरले 19,000. त्यावर महिन्याचं व्याज 665 आणि व्याजावर 18 टक्के जीएसटी, सुमारे 120. पुढचं बिल येतं 19,785 चं. हजार भरले, कर्ज उतरलं 215 रुपयांनी! नवी खरेदी एका पैशाचीही न करता असंच भरत राहिलं, तर कर्ज निम्म्यावर यायला सुमारे 64 महिने लागतात. पहिलीत गेलेलं पोर तोवर सहावीत पोचतं. आणि पॉइंट? शंभराच्या खरेदीला एक, त्याची किंमत 25 पैसे धरली, तर 10,000 च्या खरेदीवर मिळतात 25 रुपये.

अशा पाकिटांची कथा फ्रेस्नोत सुरू होते. सप्टेंबर 1958 मध्ये बँक ऑफ अमेरिकानं कॅलिफोर्नियातल्या या गावी 60,000 कार्डं थेट टपालानं धाडली, कुणी मागितलेली नसताना. फ्रेस्नोच्या भोवतीही कापूसच पिकतो. पुढे कॅलिफोर्नियाभर कार्डं गेली, तेव्हा बँकेनं 4 टक्के थकबाकी धरली होती, निघाली 22 टक्के. न मागता कार्ड पाठवण्यावर अमेरिकेनं 1970 साली बंदी घातली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं 2022 च्या निर्देशात तसंच बजावलं: संमतीविना दिलेल्या कार्डाचं बिल लावलं, तर ते मागे घ्यायचं आणि वर दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. अर्जासोबत व्याज आणि आकार सांगणारं एका पानाचं पत्रकही द्यावंच लागतं. पाकिटातला सगळ्यात मोलाचा कागद तोच. मी तरी तो आधी वाचेन.

आता ते 50 दिवस. जूनच्या पहिल्या पावसावर सरकी पेरली, बियाणं-खत कार्डावर घेतलं. मुदत फार तर जुलैअखेरपर्यंत पुरते. तेव्हा कपाशीला नुकत्याच पात्या लागलेल्या असतात. फुलं, बोंडं, वेचणी व्हायची असते. गाडी बाजारात लागायला दिवाळी येते. बिल पुरतं फेडलं नाही, तर बिनव्याजी मुदत रद्द होते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं. पगारदाराच्या महिन्यावर बेतलेलं हे कार्ड आहे.

पिकाच्या महिन्यांवर बेतलेलं कार्डही आहे: 1998 साली आलेलं किसान क्रेडिट कार्ड. त्याची परतफेड हंगामाशी बांधलेली, आणि अल्पमुदतीच्या पीककर्जाला सरकारी सवलतीचा दर वर्षाला 7 टक्के, वेळेवर फेडलं तर 4. शेकड्याच्या भाषेत तो महिन्याला 33 पैसे होतो. दोन्हींना आपण ‘कार्ड’च म्हणतो.