पाण्याची इत्तला

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात, कॅमलफर्ड नावाचे एक लहान गाव आहे. त्या टापूतील सुमारे २०,००० रहिवाशांना पाणी पुरविणाऱ्या लोअरमूर जलशुद्धीकरण केंद्रात ६ जुलै १९८८ रोजी, देखरेखीस कोणीही हजर नसताना, टँकरच्या एका बदली चालकाने अ‍ॅल्युमिनियम सल्फेटचे २० टन द्रावण साठवणीच्या टाकीऐवजी शुद्ध पाण्याच्या हौदात सोडले. आपल्या पाणीपुरवठा खात्यात ज्यास सरसकट तुरटी म्हणतात, तेच हे द्रव्य. योग्य मात्रेत ते गढूळपणा तळाशी बसविते. परंतु अशा प्रमाणात पाण्यात मिसळले की आम्ल निर्माण होते, आणि ते नळांतील तांबे, जस्त व शिसे विरघळवीत घरोघर पोहोचते. चहातले दूध नासू लागले, तोंडाला फोड आले, धुतलेल्या केसांवर तांब्याची हिरवट झाक चढली.

हे सर्व लोकांच्या डोळ्यांदेखत घडत असता जलप्राधिकरण सांगत राहिले की पाणी पिण्यास योग्य आहे. चव रुचत नसल्यास फळांचा रस मिसळावा. खरे कारण उमगूनही, घटनेपासून जाहीर खुलासा होण्यास १६ दिवस लागले, आणि तोही एका दैनिकाच्या क्रीडापृष्ठावरील लहानशा जाहिरातीतून.

या मौनाने विश्वास गमावला हे उघडच आहे. मला त्याहून गंभीर वाटते ती शास्त्राची हानी. ज्या दिवसांत घरोघरच्या पाण्याचे व रहिवाशांच्या रक्ताचे नमुने घ्यावयाचे, ते दिवस निघून गेले. पुढे चौकशी समित्या बसल्या, २०१३ साली सरकारने बिनशर्त माफी मागितली; पण कोणी किती धातू प्यायले याचे दफ्तरच अपुरे असल्याने, आजारी माणसाला ‘तुमच्या व्याधीचे कारण हेच’ किंवा ‘हे नव्हेच’ असे छातीठोकपणे सांगण्याची सोय उरली नाही.

याउलट अमेरिकेतील टोलेडो शहराने २ ऑगस्ट २०१४ रोजी, ईरी सरोवरातील शैवालजन्य विष पाण्यात आढळताच, चार-पाच लाख लोकांना इत्तला दिली: हे पाणी पिऊ नका, आणि उकळूही नका. निषेधाचा हा दुसरा भाग मला विशेष मोलाचा वाटतो. कारण घाबरलेला गृहस्थ प्रथम चूल पेटवितो, आणि उकळण्याने हे विष नष्ट न होता, पाण्याची वाफ होऊन मागे अधिक दाट उरते.

आपल्याकडे पावसाळ्यात ‘पाणी उकळून व गाळून प्यावे’ ही सूचना निघते, आणि कॉलरा वा काविळीच्या जंतूंपुरती ती अगदी रास्त आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडील फ्लोराइडयुक्त विहिरींवर मात्र तीच लागू केली, तर ती माणसांना धोक्यात घालते. म्हणून सूचनेत दूषित द्रव्याचे नाव, बाधित पेठा, तान्ह्या मुलांसाठी वेगळ्या पाण्याची तजवीज आणि पुढील तपासणीचा निकाल कोणत्या दिवशी कळेल, एवढे तरी असावे. आणि ही सूचना खातरजमा पुरी होण्याची वाट न पाहता, संशय बळावताच निघावी.