‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

वैशाखात कैरीचे लोणचे घालणे हा मराठी घरातील एक लहानसा विधीच असे. बरणी धुऊन कडक उन्हात वाळवायची, तिला हिंगाची धुरी द्यायची, फोडी कोरड्या फडक्याने पुसायच्या, तेल कडकडीत तापवून पूर्ण निववायचे आणि अखेरीस बरणीच्या तोंडाला दादरा बांधायचा. ओला हात वा ओला चमचा बरणीला लागू नये म्हणून घरातील वडीलधाऱ्या बायका डोळ्यांत तेल घालून जपत. हे नियम वरकरणी सोवळ्याओवळ्यासारखे भासले, तरी जीवाणू हा शब्दही ज्यांच्या कानी पडला नव्हता अशा पिढ्यांनी जीवाणूंविरुद्ध उभारलेली ती तटबंदी होती.

आज हेच लोणचे घरातून बाजारात गेले आहे, आणि त्याच्याबरोबर ‘नैसर्गिक’, ‘घरगुती’, ‘परिरक्षकविरहित’ ही विशेषणेही. रासायनिक परिरक्षकांविषयी ग्राहकाच्या मनात धास्ती असावी, यात नवल नाही. परंतु परिरक्षक वगळला आणि नैसर्गिक द्रव्य घातले की पदार्थ आपोआप सुरक्षित झाला, हा समज मात्र तपासून घेणे अगत्याचे आहे.

या समजाची किंमत कॅनडातील व्हँकुव्हर शहराने १९८५ साली मोजली. तेथील एका उपाहारगृहात वापरलेल्या, तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना ‘बोट्युलिझम’ हा मज्जासंस्था लुळी पाडणारा विकार जडला. १९८९ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात अशाच लसणाने आणखी तिघांना ग्रासले. लसूण आणि तेल, दोन्ही पदार्थ अस्सल नैसर्गिक. शिवाय लसणात जीवाणूंना मारक असे द्रव्य असते, हेही खरे. मग घात झाला कसा?

या विकाराचा जीवाणू मातीत राहतो. त्याचे बीजाणू उष्णतेला दाद देत नाहीत आणि हवा नसेल तेथेच तो वाढतो. मातीत वाढलेल्या लसणाबरोबर बीजाणू आले, तेलाने हवेची वाट बंद केली, लसणात पुरेसा आंबटपणा नव्हता आणि भांडे शीतपेटीबाहेर राहिले. शत्रूला हवी तशी जागा आपल्याच हातांनी तयार झाली. असे विष झालेल्या अन्नाला वास वा निराळी चव येईलच असे नाही, म्हणून जीभ आणि नाक हे आपले परंपरागत पहारेकरी येथे निरुपयोगी ठरतात.

आता कैरीच्या लोणच्याकडे पाहू. तेल तेथेही आहे, हवा तेथेही कोंडलेली आहे. तरीही ते वर्षभर टिकते, कारण तेथे तेल एकटे नाही. आंबटपणा मोजण्याच्या ‘सामू’ या मापात ७ हा आकडा मध्यबिंदू असून त्याखाली जावे तसा आंबटपणा वाढतो. ४.६ च्या खाली उपरोक्त जीवाणू वाढू शकत नाही आणि कच्च्या कैरीचा सामू त्याहून पुष्कळच खाली असतो. मीठ फोडींतील पाणी ओढून घेते व उरलेले पाणी जीवाणूंच्या उपयोगाचे ठेवत नाही. मोहरी फेसली की पाण्याच्या संपर्काने तिच्यातील झणझणीत द्रव्य मोकळे होते, तेही जीवाणूंना जाचक असते. आंबट पदार्थावर वाढू शकणारी बुरशी हवेवाचून जगत नाही, तिचा बंदोबस्त वरचे तेल करते. प्रत्येक द्रव्य दुसऱ्याची उणीव भरून काढते.

जर्मन मांसशास्त्रज्ञ लोथार लाइस्टनर यांनी १९७० च्या दशकात हेच तत्त्व शास्त्राच्या भाषेत मांडले. जीवाणूंच्या वाटेत एकच प्रचंड भिंत उभारण्याऐवजी अनेक लहान अडथळे ठेवावेत. एक ओलांडला तरी पुढच्यावर त्यांची दमछाक व्हावी. आंबवण्याची क्रियाही याच माळेतील आहे. दह्यातील जीवाणू दुधातील साखरेचे आम्ल बनवून इतरांना जागा ठेवत नाहीत. दुधातीलच एका जीवाणूपासून मिळणारे ‘निसिन’ हे द्रव्य आज अनेक देशांत चीज टिकवण्यासाठी रीतसर वापरले जाते. अमेरिकेने त्यास १९८८ मध्ये मान्यता दिली. निसर्गात उपाय आहेतच. प्रश्न आहे तो त्यांचे कार्य आणि त्यांच्या मर्यादा समजून घेण्याचा.

खरा धोका येथूनच सुरू होतो. रक्तदाबाच्या भीतीने आज ‘कमी मिठाचे’ लोणचे मागितले जाते, कोणाला आंबटपणा सोसत नाही, तर कोणी कैरीऐवजी गाजर, फ्लॉवर वा लसूण घालतो. यातील प्रत्येक मागणी रास्त असेल. परंतु प्रत्येक वेळी तटबंदीची एक वीट काढली जाते. ती काढताना दुसरी बसवली नाही, म्हणजे व्हिनेगर वा लिंबाचा रस मोजून वाढवला नाही वा माल शीतपेटीत ठेवला नाही, तर नाव तेच आणि बरणी तीच राहूनही पदार्थ निराळा झालेला असतो. घरातील एका बरणीची चूक एका कुटुंबापुरती राहते, कारखान्यातील एका घाण्याची चूक शेकडो ताटांत पोचते.

म्हणून गावोगावच्या बचत गटांना केवळ कर्ज आणि प्रदर्शनातील गाळा देऊन भागणार नाही. सामू मोजण्याचे साधे यंत्र, ते वापरण्याचे शिक्षण आणि प्रत्येक घाण्याची नोंद ठेवण्याची सवय त्यांच्या हाती दिली पाहिजे. जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला हे काम अवघड नाही, आणि तेथील विद्यार्थ्याला रसायनशास्त्राचा याहून जिवंत धडा मिळणार नाही. ग्राहकानेही वेष्टनावर ‘नैसर्गिक’ हा शब्द शोधण्यापूर्वी ‘उघडल्यावर थंड जागी ठेवावे’ ही बारीक अक्षरांतील सूचना वाचण्याची आणि ती पाळण्याची तसदी घ्यावी.

आजीच्या लोणच्याला मापाची गरज नव्हती असे आपण म्हणतो, ते खरे नाही. तिचे माप वाटीचे होते, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठरलेले होते आणि ती ते कधी मोडत नसे. ते मोडण्याची मोकळीक आपण घेतली आहे, तर नवे माप शोधण्याची जबाबदारीही आपलीच आहे.